रोबोट तोल का गमावतो, आणि ते शिकायला दोन वर्षं का लागतात

१९९७ साली डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला हरवलं. त्यानंतर २८ वर्षांनी, एप्रिल २०२५मध्ये, बीजिंगमध्ये दोन पायांच्या रोबोटांची अर्धमॅरेथॉन झाली. पहिल्या आलेल्या तिआनगाँग अल्ट्राला २१ किलोमीटरसाठी २ तास ४० मिनिटं लागली. वाटेत त्याच्या बॅटऱ्या बदलाव्या लागल्या आणि सोबतीला माणसं धावत होती. बाकीच्यांपैकी कुणी सुरुवातीच्या रेषेपाशीच आडवा झाला, कुणी कठड्यावर जाऊन आदळला. व्हिडिओ पाहून लोक पोट धरून हसले.

प्रसंग हसण्यासारखा होताच. पण जगज्जेत्याला हरवणाऱ्या यंत्रांना दीड वर्षाच्या मुलासारखं चालणं इतकं जड का जावं? रोबोटिक्स आणि कंट्रोल इंजिनिअरिंग या विषयातली मास्टर्स पदवी बरीचशी या एका प्रश्नाभोवती फिरते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, तिथे रोबोट बनवायला शिकवत असतील. प्रवेश घेतलेल्या अनेकांचीही तीच समजूत असते. मग फळ्यावर मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते) येतात, डिफरन्शियल इक्वेशन्स येतात, आणि रोबोट काही महिने दिसतच नाही. माझ्या मते हा अभ्यासक्रमाचा दोष नाही. रोबोटचे सुटे भाग विकत मिळतात, तो उभा कसा ठेवायचा हे मात्र शिकावं लागतं.

काठी आणि पेन्सिल

मीटरभर लांबीची काठी तळहातावर उभी तोलून पाहा. थोड्या सरावाने जमतं. आता पेन्सिल उभी करून पाहा. कितीही सराव केला तरी जमत नाही. खरं तर पेन्सिल हलकी नि छोटी, तीच सोपी जायला हवी ना? पण इथे वजनाचा संबंध नाही, वेळेचा आहे. मीटरभर काठी एकदा कलली की तिचा कल दुप्पट व्हायला साधारण ०.१८ सेकंद लागतो. पंधरा सेंटिमीटरच्या पेन्सिलीला ०.०७ सेकंद पुरतो. डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. म्हणजे हात हलेपर्यंत काठीचा कल जेमतेम दुपटीच्या पुढे गेलेला असतो, पेन्सिलीचा मात्र सातपट झालेला असतो. पेन्सिल आपल्याला दिसते तेव्हाच ती हातची गेलेली असते.

या खेळात तुम्ही करता काय? पाहता, फरक जोखता, हात सरकवता, पुन्हा पाहता. या न थांबणाऱ्या चक्राला फीडबॅक म्हणतात. पाहण्याचं काम सेन्सरचं, हात सरकवण्याचं मोटरचं, आणि किती सरकवायचं हे ठरवणारं गणित म्हणजे कंट्रोलर. या लेखाच्या पायाशी असलेले तांत्रिक शब्द एवढेच.

दोन पायांवर उभा राहिलेला रोबोट गणिताच्या नजरेला काठीसारखाच दिसतो, कारण वजन वर आणि टेकू खाली. उड्डाण घेणारं अंतराळयानाचं रॉकेटही तसंच. म्हणून चाकांच्या छोट्या गाडीवर उभी सळई तोलण्याचा प्रयोग जगभरच्या कंट्रोल प्रयोगशाळांत सापडतो आणि बहुतेक विद्यार्थ्यांना तो एकदा तरी करावा लागतो. बुद्धिबळात मात्र संगणकाने विचार करायला एक मिनिट जास्त घेतलं म्हणून पट कलंडत नाही. तिथे सोंगटी जिथे ठेवली तिथेच राहते आणि सगळं काही दिसत असतं. चालताना यातलं काहीच मिळत नाही.

दुरुस्तीचा अतिरेक

वाफेच्या इंजिनाचा वेग कायम राखणारा गव्हर्नर जेम्स वॉटने १७८८च्या सुमारास वापरात आणला. वेग वाढला की फिरणारे दोन गोळे बाहेर फेकले जायचे आणि वाफेची झडप आपोआप मिटत जायची. कल्पना झकास होती, पण काही इंजिनं विचित्र वागायची. वेग कमी होई, मग जास्त, मग आणखी कमी, असा झोका सुरू होई आणि थांबतच नसे. १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेलने (विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांमुळे प्रसिद्ध असलेला, तोच) या प्रश्नावर शोधनिबंध लिहिला आणि झोका कधी विरेल, कधी वाढत जाईल याच्या गणिती अटी मांडल्या. या विषयाची गणिती सुरुवात बरेच जण तिथूनच मानतात.

झोका येतो कशामुळे? दुरुस्ती उशिरा पोहोचते आणि जोरात पोहोचते म्हणून. काठी डावीकडे कलली, तुम्ही घाबरून हात फार सरकवलात, आता ती उजवीकडे जास्त कलली, तुम्ही आणखी जोरात उलटा सरकवलात, आणि संपलं. फीडबॅक हे औषध आहे, पण मात्रा चुकली तर तेच यंत्राला पाडतं. बीजिंगमध्ये पडणारे काही रोबोट पडण्याआधी थरथरत होते, ते याच जातीचं लक्षण.

मात्रा ठरवण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे पीआयडी कंट्रोलर. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने जहाजांच्या सुकाणूसाठी त्याचं गणित मांडलं. अनुभवी खलाशी जहाज कसं वळवतात याचं त्याने निरीक्षण केलं होतं. खलाशी फक्त आत्ता दिशा किती चुकली आहे एवढंच पाहत नाही. ती चूक किती वेळ साचून राहिली आहे हेही तो ध्यानात घेतो, आणि ती किती वेगाने बदलते आहे हेही. आत्ताची चूक, साचलेली चूक, बदलती चूक अशा तिन्हींना आपापलं वजन देऊन बेरीज करायची. कारखान्यांतली बहुसंख्य नियंत्रणं आजही याच तीन पायांवर उभी आहेत. एवढं तर पदवीलाच शिकवतात, मग मास्टर्समध्ये नवीन काय, असं कुणी विचारेल. पीआयडी एका वेळी एका आकड्याला सांभाळतो. रोबोटच्या अंगात वीस-तीस सांधे असतात आणि एक हलवला की बाकी सगळ्यांवर परिणाम होतो. तिथून मास्टर्स सुरू होतं.

पहिल्या सत्रात काय असतं

पहिली मोठी कल्पना ‘स्टेट’ची, म्हणजे यंत्राच्या आत्ताच्या अवस्थेची. अवस्था म्हणजे अशी कमीत कमी माहिती, की ती हाती असली तर आजवर काय झालं ते विसरलं तरी चालेल आणि पुढचं सांगता येईल. गाडीवरच्या सळईसाठी हे चार आकडे आहेत: गाडी कुठे आहे, किती वेगाने जाते आहे, सळई किती कलली आहे आणि किती वेगाने कलते आहे. चाळीस आकड्यांची अवस्था असली तरी रीत तीच राहते, फक्त मॅट्रिक्स मोठं होतं. म्हणून लिनियर अल्जिब्रा, म्हणजे मॅट्रिक्सचं गणित, कच्चं असलेल्या विद्यार्थ्याची पहिल्या दोन महिन्यांतच दमछाक होते. खरं सांगायचं तर प्रोग्रामिंगमुळे अडणाऱ्यांपेक्षा या गणितामुळे अडणारे जास्त दिसतात.

याच्या जोडीला यंत्राचं गणिती चित्र तयार करायला शिकवतात. वजन किती, घर्षण किती, मोटर किती जोर लावेल, यावरून समीकरणं मांडायची. खरी समीकरणं वाकडीतिकडी (नॉनलिनियर) असतात, म्हणून आधी तोलाच्या बिंदूजवळ त्यांना सरळ (लिनियर) मानून काम भागवायचं. ते पुरेनासं झालं की ल्यापुनॉव्ह येतो. या रशियन गणितज्ञाने १८९२च्या प्रबंधात एक देखणी युक्ती दिली: समीकरण सोडवू नका, ऊर्जेसारखी एखादी राशी शोधा जी सतत घटत जाते. अशी राशी सापडली तर यंत्र शांत होणार हे समीकरण न सोडवताच सिद्ध होतं. शोधायची कशी, याचा सर्वसाधारण नियम नाही. इथे विद्यार्थी वैतागतात, आणि काही जण कायमचे प्रेमात पडतात.

रोबोटिक्सच्या बाजूने भूमिती येते. सांध्यांचे कोन माहीत असले तर पंजा कुठे आहे हे काढणं सोपं असतं. त्यासाठी १९५५ साली डेनाव्हिट आणि हार्टेनबर्ग यांनी बसवलेली पद्धत अजून शिकवतात. उलटा प्रश्न, म्हणजे पंजा अमुक ठिकाणी हवा असेल तर कोन कोणते, हा मात्र खट्याळ आहे. कधी उत्तरं अनेक, कधी एकही नाही. हात पूर्ण ताणला की त्याच दिशेने पुढे सरकताच येत नाही, आणि तिथे गणितात शून्याने भागायची वेळ येते. अशा जागांजवळ बेसावध कंट्रोलर सांध्यांना अफाट वेगाने फिरायचा हुकूम सोडतो. मोठ्या औद्योगिक रोबोटभोवती जाळीचं कुंपण असतं, त्यामागे असलीही कारणं आहेत.

वेळेचा हिशेबही करून टाकू. युरोपात दोन वर्षांच्या मास्टर्सला १२० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे ३,००० ते ३,६०० तास. यातलं साधारण एक सत्र प्रबंधात जातं. ब्रिटनमध्ये हाच पल्ला बहुधा एका वर्षात गाठायचा असतो, त्यामुळे तिथे दम घ्यायला फारशी उसंत मिळत नाही.

सेन्सर खोटं बोलतात तेव्हा

आतापर्यंत आपण धरून चाललो की काठी किती कलली हे कळतं. प्रत्यक्षात सेन्सर थरथरतात, उशीर करतात, उन्हाने चळतात, कधी साफ बिघडतात. मग अवस्था ओळखायची कशी?

१९६० साली रुडॉल्फ कालमन यांनी याचं उत्तर दिलं आणि अपोलो यानांच्या दिशादर्शनात ते वापरलं गेलं. कालमन फिल्टरमागची कल्पना बोलून दाखवता येते. तुमच्याकडे दोन साक्षीदार आहेत. एक गणिती चित्र, जे म्हणतं ‘मघाशी इथे होतो, एवढा जोर लावला, म्हणजे आता तिथे असायला हवं’. दुसरा सेन्सर, जो म्हणतो ‘मला इथे दिसतंय’. दोघंही थोडे चुकतात. कोण किती चुकतो याचा अंदाज असेल तर त्या प्रमाणात दोघांवर भरवसा ठेवायचा आणि मधलं उत्तर घ्यायचं. मग पुढच्या क्षणी पुन्हा तेच. तुमच्या मोबाइलमधला नकाशा बोगद्यात शिरल्यावरही ठिपका थोडा वेळ पुढे सरकवत राहतो, तो याच घराण्यातल्या गणिताने.

एकाच साक्षीदारावर भरवसा ठेवला तर काय होतं, याचं भीषण उदाहरण बोईंग ७३७ मॅक्सचं आहे. विमानाचं नाक आपोआप खाली करणारी त्याची यंत्रणा एका वेळी एकाच कोन-सेन्सरचं ऐकत होती, विमानावर दोन असूनही. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ अशा दोन अपघातांत मिळून ३४६ माणसं गेली. अभ्यासक्रमात ‘एस्टिमेशन’ (अवस्थेचा अंदाज बांधणं) नावाचा विषय ऐच्छिक यादीत दिसला की विद्यार्थी तो टाळतात, कारण त्यात संभाव्यतेचं गणित भरपूर असतं. माझं ऐकाल तर टाळायचंच असेल तर दुसरं काहीतरी टाळा.

‘एआय आलंय, मग ही गणितं कशाला?’

आक्षेप रास्त आहे आणि तो आता प्रवेश घेणारा प्रत्येक जण विचारतो. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात २०१९ साली ॲनिमल नावाच्या चार पायांच्या रोबोटला सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी जगात, चुकत-माकत शिकवलं आणि ते शिक्षण खऱ्या रोबोटवर उतरवलं. पडल्यावर उठणंही तो असाच शिकला. हातांनी लिहिलेल्या समीकरणांना हे इतक्या सफाईने जमलं नव्हतं. तेव्हापासून पायांच्या रोबोटांत ही पद्धत झपाट्याने पसरली, आणि ती खरोखर चांगली आहे.

पण आत डोकावून पाहा. अशा बहुतेक रोबोटांत शिकलेलं जाळं (न्यूरल नेटवर्क, म्हणजे सरावातून शिकणारा प्रोग्राम) सेकंदाला साधारण पन्नास वेळा एवढंच सांगतं की अमुक सांधा अमुक कोनात हवा. तो सांधा प्रत्यक्ष तिथे नेऊन धरण्याचं काम खालच्या थरात सेकंदाला कित्येक शे वेळा फिरणारं चक्र करतं, आणि ते चक्र म्हणजे मिनोर्स्कीच्या तीन पायांपैकी दोन. शिवाय ज्या सिम्युलेशनमध्ये शिकवायचं, ते बांधायला पुन्हा वजन-घर्षणाची समीकरणं लागतात. तिथे मोटरचा उशीर धरायचा राहिला तर आभासी जगात पळणारा रोबोट जमिनीवर पाय ठेवताच कोसळतो.

तिसरी गोष्ट हमीची. शस्त्रक्रियेच्या रोबोटबद्दल ‘दहा लाख वेळा चाचणीत नीट वागला’ एवढं म्हणून भागत नाही. तो या मर्यादेबाहेर जाणारच नाही, असं दाखवावं लागतं. शिकलेल्या जाळ्यांबद्दल असं सिद्ध कसं करायचं हा आजचा खुला संशोधनप्रश्न आहे आणि त्यावर काम करणाऱ्यांच्या हातात ल्यापुनॉव्हच असतो, १८९२चा. म्हणून एआय शिकावं, जरूर शिकावं, पण कंट्रोल सोडून शिकलेल्याला रोबोट पडल्यावर कुठे पाहायचं हेच कळत नाही.

‘हे सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं की!’

गणित मिळतं, व्याख्यानं मिळतात, रॉस नावाची रोबोटसाठीची सॉफ्टवेअर चौकट मोफत आहे, चांगले सिम्युलेटरही आहेत. जिद्दीच्या माणसाला यातून बरंच साधतं. मिळत नाही ते हार्डवेअरचं आडमुठेपण. सिम्युलेटरमधली मोटर मागाल तेवढा जोर देते. खरी मोटर एका मर्यादेनंतर हात वर करते, गिअरच्या दात्यांत फट असते, वायर ताणली जाते, तापमान वाढलं की घर्षण बदलतं.

मोटरची मर्यादा ही किरकोळ बाब वाटते. स्वीडनच्या ग्रिपेन या लढाऊ विमानाचा १९८९ साली चाचणीत उतरताना आणि १९९३ साली स्टॉकहोममध्ये प्रात्यक्षिकात अपघात झाला. हे विमान मुद्दाम अस्थिर बनवलेलं आहे, काठीसारखं, म्हणजे ते चपळ वळतं, आणि संगणक त्याला सतत सावरत असतो. वैमानिकाने दांडा झपाझप हलवला, पंखांवरच्या पट्ट्या तितक्या वेगाने फिरू शकल्या नाहीत, आणि हुकूम व अंमल यांत अंतर पडलं. त्या उशिराने माणूस आणि संगणक मिळून विमानाला झोके देऊ लागले. दोन्ही वेळा वैमानिक वाचला, विमान गेलं. कागदावर स्थिर असलेली रचना मोटर मर्यादेला भिडताच अस्थिर कशी होते, हे एकदा प्रयोगशाळेत आपल्या हाताने पाहिलं की पुन्हा विसरत नाही. विद्यापीठाच्या शुल्काचा मोठा भाग माझ्या लेखी याच अनुभवासाठी असतो.

कुठल्या शाखेतून जावं?

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, कधी भौतिकशास्त्र किंवा गणित, सगळीकडून लोक येतात आणि प्रत्येक जण कुठेतरी लंगडा असतो. मेकॅनिकलवाल्यांना प्रोग्रामिंग छळतं, कॉम्प्युटरवाल्यांना बलं आणि टॉर्क (फिरवणारा जोर). हे सहा महिन्यांत भरून निघतं.

नोकरी रोबोटचीच मिळेल का?

बऱ्याच जणांना नाही, आणि यात वाईट काही नाही. हार्ड डिस्कमधलं वाचणारं टोक शंभर नॅनोमीटरहून अरुंद पट्टीवर नेमकं टिकवून धरणं हा कंट्रोलचा प्रश्न आहे. मायक्रोचिप छापणाऱ्या यंत्रात सिलिकॉनची चकती झटक्याने हलवून नॅनोमीटरच्या अचूकतेने थांबवावी लागते, तोही. पवनचक्कीची पाती वाऱ्याप्रमाणे वळवणं, वीजजाळ्याची वारंवारता ५० किंवा ६० हर्ट्झवर राखणं, मधुमेहींच्या इन्शुलिन पंपाने किती औषध सोडावं हे ठरवणं, या सगळ्याच्या पोटात तीच समीकरणं असतात. रोबोटच्या कंपन्या मोजक्या आणि त्यांच्या पैशाची आवक बेभरवशाची. या बाकीच्या जागा शांतपणे भरत राहतात. ह्युमनॉइडच्या, म्हणजे माणसासारख्या रोबोटच्या, व्हिडिओंकडे पाहून प्रवेश घेणाऱ्याने एवढं मनाशी धरलेलं बरं.

नावाला भुलू नका

एकाच नावाच्या पदव्या आतून फार वेगळ्या असतात. कुठे रोबोटिक्स संगणकशास्त्र विभागात असतं आणि भर कॅमेरा, नकाशे, एआय यांवर असतो. कुठे ते इलेक्ट्रिकलमध्ये असतं आणि कंट्रोलचा सिद्धांत प्रमुख असतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७९पासून रोबोटिक्सची स्वतंत्र संस्थाच आहे, तर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये रोबोटिक्स आणि सिस्टिम्स अँड कंट्रोल या दोन वेगळ्या पदव्या आहेत.

म्हणून संकेतस्थळावरचे रोबोटचे फोटो सोडा आणि सक्तीच्या विषयांची यादी उघडा. लिनियर सिस्टिम्स, एस्टिमेशन आणि नॉनलिनियर कंट्रोल यांपैकी किमान दोन सक्तीचे नसतील तर नावात कंट्रोल असूनही आत फारसं नाही असं समजा. मग गेल्या दोन-तीन वर्षांतले प्रबंध काढा. बहुतेक विद्यापीठं ते खुले ठेवतात. त्यांतले किती खऱ्या यंत्रावर चालवून पाहिले आहेत आणि किती फक्त सिम्युलेशनमध्ये संपले आहेत, ते मोजा. शेवटी तिथे आत्ता शिकत असलेल्या कुणालातरी ईमेल करून विचारा, की प्रयोगशाळेतला रोबोट हाताळायला किती विद्यार्थ्यांमध्ये एक येतो, आणि तो मोडला तर दुरुस्त कोण करतं. ‘आम्हीच करतो’ असं उत्तर आलं तर अर्ज भरायला हरकत नाही.